चौथा रकाना

४ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा तेच! जेवता जेवता डाव्या अंगठ्याची साल काढली आणि ताटाच्या कडेला ठेवली. एक नाही, तीन. ओळीने. शेंगांची टरफलं ठेवावीत तशी. मी एक शब्द बोलले नाही. फक्त बघितलं. तिने हात मांडीवर घेतले आणि मग उरलेलं जेवण एका हाताने उरकलं.

ही आमची सूनबाई. घरात येऊन दोन वर्षं झाली. दिसायला बरी, बोलायला मऊ, कामाला वाईट नाही – पण बोटं बघवत नाहीत. नखांच्या मुळाशी कातडी म्हणून उरलेली नाही. कुठे लाल, कुठे खपली, कुठे ओलं. आणि नोकरी कसली, तर दागिन्यांच्या दुकानात अंगठ्यांच्या काउंटरवर! दिवसभर स्वतःच्या बोटात अंगठी घालून गिऱ्हाइकाला दाखवायची. दुकानदाराचे डोळे तपासायला हवेत.

लहानपणी मलाही होती ही खोड. आईने फूटपट्टी आडवी धरून दोन दिल्या, आठ दिवसांत गेली. आता म्हणे मारायचं नसतं. मग सोला!

जपाला बसले तर तिची बोटंच डोळ्यांपुढे. मणी कुठला चालला होता तेच विसरले. माळ पहिल्यापासून केली.

६ नोव्हेंबर, बुधवार

व्हायचं ते झालं. काल एका बाईने अंगठी बघता बघता हिची बोटं बघितली आणि अंगठी परत ट्रेमध्ये ठेवली. मालकाने बोलावून सांगितलं – तीस तारखेला हात बघेन, नीट दिसले नाहीत तर मागच्या खोलीत. मागच्या खोलीत म्हणजे रिकाम्या डब्या पुसायच्या आणि चिठ्ठ्या चिकटवायच्या. तिथे तिने आधी तीन वर्षं काढली आहेत, लग्नाआधी. काउंटर मिळालं तेव्हा पेढे – नाही, पेढे नव्हे, बिस्किटांचा पुडा वाटला होता म्हणे सगळ्या दुकानाला. एवढं तिला त्या काउंटरचं कौतुक.

हे सगळं मला चिरंजीवांकडून कळलं. तिने सांगितलं नाही. ती न्हाणीघरात नळ सोडून रडत होती. मी दारावर टकटक करून म्हटलं, नळ बंद करून रड. पाणी काय फुकट येतं?

चिरंजीव म्हणाले, "आई, तू आता काही बोलू नकोस." मी कुठे बोलते? सांगते.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

शहाणपणाची कमाल. पार्लरमध्ये गेली. तिथल्या बाईने नखांच्या कडा कापून 'स्वच्छ' करून दिल्या, वर गुलाबी रंग दिला. आज मधलं बोट सुजून भोपळा. नखुरडं झालं आहे. रंगाखाली पू!

मीठ घालून कोमट पाणी दिलं बोट बुडवायला. मीच दिलं. तिचा नवरा मोबाइलवर 'उपाय' वाचत बसला होता.

९ नोव्हेंबर, शनिवार

कातडीच्या डॉक्टरणीकडे गेलो. तिघं. माझं काय काम, असं चिरंजीवांच्या चेहऱ्यावर होतं, पण गेले.

डॉक्टरीण म्हणजे काल शाळा सुटलेली पोर. मला "आजी" म्हणाली. बोटातला पू काढला, गोळ्या दिल्या, मलम दिलं. तिथवर ठीक. मग म्हणते, जखम मी बरी करेन, पण हात परत परत तिथे का जातो ते शोधायला हवं. एक वही करा. चार रकाने पाडा – वेळ, कुठे, आधी काय झालं, जवळ कोण होतं. प्रत्येक वेळी नोंद करा. आणि कोणी ओरडायचं नाही हं, आजी.

ओरडायचं नाही! बोट सोलणारीला शाबासकी द्यायची.

पण वहीचं मात्र पटलं. मॅट्रिकला मला गणितात वर्गात सगळ्यांत जास्त मार्क होते. घराचा जमाखर्च लग्न झाल्यापासून मी लिहिते, खाडाखोड दाखवावी कोणी. डॉक्टरणीने वही हिने लिहावी असं सांगितलं होतं. हिच्या अक्षराला कोंबडीसुद्धा लाजेल. घरी आल्यावर मी म्हटलं, आण इकडे. लाल पेनने रकाने आखले.

ती म्हणाली, "आई, मी लिहीन ना." मी म्हटलं, चोरानेच पंचनामा लिहायचा का?

११ नोव्हेंबर, सोमवार

वही सुरू होऊन दोन दिवस. नमुन्यादाखल इथे उतरवते.

सकाळी सव्वासात. ओटा. आधी काय झालं – काही नाही. कणीक किती सैल झाली तेवढं दाखवलं. जवळ कोण – मी.

सकाळी आठ. दारात, चप्पल घालताना. आधी काय झालं – काही नाही. डबा विसरली होती, तो हातात दिला आणि असंच कधी डोकं विसरशील म्हटलं. जवळ – मी.

संध्याकाळी सात. सोफा. आधी काय झालं – काहीच नाही. मी नुसती येऊन बसले. जवळ – मी.

म्हणजे बघा! कारण काही नाही आणि हात चालूच. ही शुद्ध खोड आहे. डॉक्टरणीला वही दाखवली की तिचे डोळे उघडतील.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज चौदा वेळा. मलम रोज लावते आणि रोज त्यावरच सोलते. दुकानात म्हणे हाताला पट्टी बांधून उभी असते. अंगठी दाखवायची पाळी आली की शेजारचीला बोलावते.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

चिरंजीवांनी वही चाळली. चौथ्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, "सगळीकडे तूच आहेस."

यांना मी शिकवलं, शिकवण्यांना घातलं, आणि हे डोकं! अरे, लिहिणारी मी. लिहायला मी तिथे असायला नको? मग जवळ मीच असणार. पहिलीतल्या मुलाला कळेल. दुकानात काय होतं ते मी कुठून लिहू? तिथे तर यापेक्षा दुप्पट सोलत असेल.

ती तिथेच भांडी पुसत होती. ऐकत होती. तिचं हे न बोलणं मला आवडत नाही. माणसाने भांडावं. तोंडात एक शब्द नाही आणि बोटांतून रक्त.

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज अकरा वेळा. देव बघतो आहे, आणि मी लिहिते आहे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

धाकट्या बहिणीचा फोन. उद्या तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, तीन दिवस ये म्हणाली. वेळ काय गाठली! तीस तारीख अकरा दिवसांवर आणि इथे पहारा कोण करणार?

वही चिरंजीवांकडे दिली. सगळं समजावलं. दुकानातून आली की समोर बस, हातांवर लक्ष ठेव, लगेच लिही, रात्रीवर ढकलू नकोस. मान डोलावली. ही मान मला माहीत आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशीही अशीच डोलायची.

२१ नोव्हेंबर, गुरुवार. धाकटीकडे

डोळा उत्तम. धाकटी पडल्या पडल्या बोलते आहे, तिचा नवरा चहा करतो आहे, साखर ओंजळीने. घरी फोन केला. सूनबाईने उचलला. विचारलं, गॅस नीट बंद करता ना? बोट कसं आहे? सोललंस ना आज? म्हणाली, "नाही, आई." विश्वास कोणाचा बसेल?

२३ नोव्हेंबर, शनिवार

घरी आले. आधी देवाला नमस्कार, मग वही.

तीन दिवसांत नोंद किती? एक! एकच!

मला इतका संताप आला की पिशवीसुद्धा उतरवली नव्हती. काम म्हणून सांगितलं, तर एक ओळ खरडून मोकळे. आणि ती ओळ तरी काय – 'गुरुवार, दुपारी. हॉल. आधी काय झालं – आईचा फोन. जवळ कोण होतं – फोन.'

जवळ कोण होतं – फोन! फोन हा काय माणूस आहे? रकाना माणसांचा आहे. मी म्हटलं, तू वही लिहिलीसच नाहीस. म्हणाले, "लिहिली. एवढंच झालं." गुरुवारी म्हणे सुट्टी घेऊन घरी होते दोघं. मी नसताना सुट्टी.

मग तिला म्हटलं, दाखव हात.

दाखवले.

कडा मिटल्या होत्या. मधल्या बोटावर नवी कातडी, कोवळी, गुलाबी. अंगठ्याची खपली पडून गेली होती. मी चष्मा लावून बघितले. उलटसुलट करून बघितले. हात पालथे करता करता तिचा डावा अंगठा मुडपून मुठीत गेला.

मलम चांगलं दिसतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

सकाळी देवपूजा लवकर आटोपली. नवी चप्पल चावते म्हणून अनवाणीच स्वयंपाकघराकडे गेले. दोघं चहा घेत होती. ती काहीतरी सांगत होती, दुकानातल्या कोणा गिऱ्हाइकाची नक्कल करत. दोन्ही हात हवेत. बोटं पसरून, अंगठी दाखवतात तशी. हसत होती. या घरात दोन वर्षांत मी तिचे हात इतके वर कधी पाहिले नाहीत.

मी दाराशी उभी. कोणाचं लक्ष नाही.

मग परत गेले. खोलीत जाऊन चप्पल घातली आणि पुन्हा आले. फटक, फटक.

स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचले तेव्हा तिचे हात टेबलाखाली होते.

वहीत लिहिलं – सव्वाआठ. स्वयंपाकघर. आधी काय झालं – आणि तिथे पेन थांबलं. 'माझी चप्पल' असं लिहिलं. खोडलं. आयुष्यात पहिली खाडाखोड.

२५ नोव्हेंबर, सोमवार

ताळा केला. वही आहे तर बेरीज करायलाच हवी, आवडो न आवडो. मी होते त्या दिवसांत – एकशे एकवीस नोंदी. मी नव्हते ते तीन दिवस – एक, आणि त्यातही मी, तारेच्या त्या टोकाला.

तीनदा केली. वरून खाली, खालून वर, मग पानापानाने. बेरीज चुकत नाही माझी.

चिरंजीव मूर्ख नाहीत. हे लिहायला मला जड जातं आहे.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टरीण. वही बघून म्हणाली, "आजी, काय सुरेख ठेवली आहे!" आणि लगेच पानं उलटत तिचं बोट चौथ्या रकान्यातून खाली उतरत गेलं. मी, मी, मी, मी. माझं अक्षर एवढं ठळक का आहे कुणास ठाऊक.

तिने मला काही विचारलं नाही. सूनबाईला विचारलं, घरी काही ताण आहे का?

मी खुर्चीत ताठ बसले. म्हटलं, आता बोलेल. बोलायलाच हवं. तिच्या जागी मी असते तर कधीच बोलले असते.

ती म्हणाली, "नाही हो. आई लिहितात, म्हणून आई दिसतात."

माझंच वाक्य! भांडी पुसताना ऐकलेलं.

डॉक्टरणीने ते तीन दिवसांचं पान पुढे केलं. मग इथे एकच का?

"तेव्हा दुकानाला सुट्टी होती. कामाचा ताण नव्हता."

दुकानाला एक दिवसही सुट्टी नव्हती. एक दिवसाची रजा होती, तीही हिची. खोटंसुद्धा धड बोलता येत नाही या मुलीला – मान खाली, कान लाल, आणि पर्सखाली अंगठा नखाशी झुंजतो आहे. मला दिसत होता. माझ्यासाठी खोटं बोलत होती आणि सोलत होती.

नोंद केली नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

बॅग भरली. धाकटीच्या डोळ्यात थेंब घालायला कोणी नाही असं सांगितलं. तिचा नवरा घालतो, घड्याळ लावून. मलाही खोटं धड बोलता येत नाही, पण कोणी उलट विचारलं नाही. प्रवासाचं भाडं दुसऱ्यांदा. जाऊ दे.

निघताना वही तिच्या उशाशी ठेवली. तिचीच होती ती.

तिने वाकून नमस्कार केला. डोक्यावर हात ठेवताना काहीतरी म्हणायचं असतं. मी म्हटलं, गॅस बघत जा.

३० नोव्हेंबर, शनिवार

तिचा फोन आला. मालकाने हात बघितले, दोन्ही बाजूंनी. काउंटर तिचंच राहिलं. आवाजात हसू होतं. मग जरा थांबून तिने विचारलं, "आई, तुम्ही कधी येताय?"

म्हटलं, बघू. आणि फोन ठेवला.

धाकटी एका डोळ्याने माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, अंगठ्याला रक्त आहे तुझ्या."

दुपारी चार. धाकटीची गॅलरी. आधी काय झालं – सूनबाईने विचारलं, कधी येताय. जवळ कोण होतं – मी.