बघायच्या कार्यक्रमातलं बीजगणित

सांगली, २७ जून १९६४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खोली, खानावळ सगळं मार्गी लागलं, पण जिवाला चैन नाही. कॅल्क्युलस सुरू करण्याआधी सर शाळेतल्या बीजगणिताची परीक्षा घेणार आहेत. जे गडबडतील त्यांनी सरळ आर्ट्सला जावं म्हणतात. काल फळ्यावर ‘क्ष अधिक तीन’ला तीनने भागायचं होतं. मी वरच्या-खालच्या तीनला काट मारली आणि वर्ग हसला. मॅट्रिकला गणितात तुझे मार्क माझ्यापेक्षा जास्त, आणि कॉलेजात बसलोय मी. सोबतची उदाहरणं सोडवून धाड.

नापास झालो तरी लोभ ठेव.

तुझा,
चिंतामण

सातारा, २ जुलै

चि. चिंतामण यास,
अ. आ.

उदाहरणं आली त्याच संध्याकाळी सोडवली, पण पाठवणार नाही. प्रत्येकाची पहिली पायरी तेवढी लिहिली आहे. पुढचं तू कर. आणि अरे शहाण्या, बेरजेतल्या एकट्या तीनला काट मारता येत नाही. वरच्या सगळ्यांना तीनने भाग जात असेल तरच मारायची.

इकडे आण्णांनी वाईचं स्थळ आणलंय. मंडळी बारा तारखेला, रविवारी येतील. माणसं चांगली आहेत म्हणतात. पण तुझं पाकीट आल्यापासून मी घरात नुसती येरझारा घालते. भाजी फोडणीला टाकते आणि मनात अवयव पाडत असते. मला पुढे शिकायचंय रे, आणि आण्णांसमोर ते तोंडातून निघत नाही. त्या कॅल्क्युलसमध्ये असतं तरी काय, ते कळव.

पोटभर जेवत जा, लोभ आहेच.

तुझी ताई,
विनोदिनी

सांगली, ९ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न.

पास झालो, काठावर. काल कॅल्क्युलस सुरू झालं. साताऱ्याहून निघालेली एस.टी. सांगलीला किती वेळात पोचते हे कोणीही सांगेल. पण कराडच्या पुलावर ऐन त्या क्षणी तिचा वेग किती, हे यात काढतात म्हणे. सोबतचं अवयवांचं एक उदाहरण मला काही केल्या सुटत नाही. ताई, रविवारच्या आत आण्णांशी बोल.

लोभ वाढवावा.

चिंतामण

सातारा, १४ जुलै

चि. चिंतामण यास,
अ. आ.

बोलणं झालंच नाही. मंडळी आली, पोहे झाले. मग रिवाजाप्रमाणे मुलाच्या काकांनी अक्षर बघायला कागद पुढे केला. काहीही लिही म्हणाले. मुली देवाचं नाव लिहितात. माझ्या डोक्यात सकाळपासून तुझं ते ‘क्षचा घन उणे सात क्ष अधिक सहा’ घोळत होतं, तेच हातून उतरलं. तिथे तरी थांबावं ना? क्ष एक धरला तर शून्य येतं हे नेमकं तेव्हाच सुचलं. तिन्ही अवयव पडेपर्यंत मी मान वर केली नाही. अक्षर छान आहे म्हणून काकांनी कागद परत दिला. काल नकार आला.

आई रडली. मीही रडले, पण मोकळंही वाटलं, खोटं का सांगू. आज कचेरीला निघताना, चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता आण्णांनी विचारलं, सांगलीला मुलींच्या राहायची काय सोय असते. तू आजच चौकशी कर आणि उलट टपाली कळव, मला धीर धरवत नाही.

लोभ आहेच. पत्र मात्र या वेळी आण्णांच्या नावाने टाक.

तुझी ताई,
विनोदिनी