करड्या चौकोनांतलं उत्तर

अहो,

मी मुदखेडला अण्णांकडे निघाले. वरण कुकरमध्ये आहे, कणीक मळून ठेवली, पोळ्या तेवढ्या शेजारच्या आरतीकडून करून घ्या.

तुम्ही म्हणाल, बापाच्या कोड्यापायी बाई येडी झाली. रविवारच्या पुरवणीतलं अण्णांचं शब्दकोडं मी कधी सोडत नाही. करड्या चौकोनांतली अक्षरं जुळवली की शेवटचं उत्तर निघतं, दरवेळी एखादं फळ नाहीतर नदी. मागच्या महिन्यात पहिल्या रविवारी 'उजू' निघालं. अण्णांनी लाडानं माझं नाव घातलं म्हणून मी गल्लीभर सांगत फिरले. पुढची तीन उत्तरं फळंही नव्हती, नद्याही नव्हत्या. मला वाटलं, वय झालं त्यांचं. आज रद्दीतून चारही कोडी काढली अन् उत्तरं ओळीनं मांडली.

उजू. मला. कोंडून. ठेवलंय.

फोन केला की माझा भाऊ बजरंगच उचलतो अन् "अण्णा झोपलेत" म्हणतो. दिवाळीत जमिनीच्या कागदावर त्यांची सही मागून राहिला होता, आठवतं का? अण्णा महिन्याची चार कोडी एकदमच लिहितात, अन् पेपरच्या ऑफिसात नेऊन देतो बजरंगच. त्याला कोडी सुटत न्हाईत, म्हणून तर ही पोचली.

त्याला फोन करू नका. पोलिसांना घेऊनच या.

रद्दी आजच का काढली, ते राहिलंच. आजच्या कोड्याखाली अण्णांच्या जागी दुसऱ्याच माणसाचं नाव आहे.

उज्ज्वला