कंसात नऊ, कंसाबाहेर नऊ

बाई, तुमच्या हिनकलच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा आले ती पीयूसीला, म्हणजे बारावीला, गणितात नापास होऊन. निकाल ऐकून अप्पांनी गळ्यातली मोजपट्टीसुद्धा काढली नव्हती. "पुरवणी परीक्षेला एकदा बस. तेव्हाही नापास झालीस तर कॉलेज बंद, शिलाई मशीनवर बसायचं. ठीक, सरि?" एवढंच म्हणाले. दुकानातलं दुसरं मशीन त्यांनी तेल घालून तयारही ठेवलं. तुम्ही शाळेतून निवृत्त झालेल्या, आणि अप्पांचं जुनं गिऱ्हाईक. ब्लाउज न्यायला आलात तेव्हा त्या मशीनकडे बघून म्हणालात, "हिला माझ्याकडे पाठवा. मशीन कुठे पळून जात नाही."

पुस्तक इंग्रजीत, तुमचं शिकवणं कन्नडमध्ये आणि रागावणं मराठीत. मी पाटावर बसले आहे. तुम्ही कॉफीचं दूध चढवता चढवता सांगताय, की x² − 6x + 14 हे असं पसरलेलं ठेवलं तर काही बोलत नाही. त्यातून पूर्ण वर्ग काढ, मग आलेखाचं टोक आपोआप दिसेल. सहाचे निम्मे तीन, तिनाचा वर्ग नऊ. मी नऊ घातले आणि ऐटीत लिहिलं: (x − 3)² + 14.

"अय्यो! x च्या जागी शून्य ठेव बघू. वर काय येतं?"

"चौदा."

"आणि तुझ्या उत्तरात?"

"तेवीस."

"हे वरचे नऊ कुठून आणलेस?"

"माया ठेवली, बाई." आमच्या घरात शिवणीच्या आत जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. ती कोणी कापून टाकत नाही. उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता येतं. नऊ घातले ते परत काढायचे, हे माझ्या हाताला पटतच नव्हतं.

तुम्ही इतक्या हसलात की दूध उतू गेलं. मग ओटा पुसत रागावलात. "आमच्या पूर्वजांच्या घरात तलवारी होत्या, तुमच्या घरात कात्री. अक्कल दोन्हीकडे सारखीच दिसते! चौतीसचा ब्लाउज माया ठेवून छत्तीसचा होतो का गं? माप बदललंस तर गिऱ्हाईक तोंडावर फेकेल. रूप बदलायचं, किंमत नाही. कंसात नऊ घेतलेस, बाहेर नऊ काढ."

मी काढले. (x − 3)² + 5. "आता बघ," तुम्ही म्हणालात, "वर्ग शून्याखाली जाऊच शकत नाही. म्हणजे ही राशी पाचाखाली कधी येणार नाही, आणि पाचावर येते ती x तीन असताना. आलेख काढलास का?" नव्हता काढला. तरी तळ दिसत होता.

परीक्षेत आलं −2x² + 12x − 7. सर्वांत मोठी किंमत काढा. उणे दोन बाहेर काढले, कंसात नऊ घातले, बाहेर नऊ वजा केले, आणि शून्य ठेवून पाहिलं: हवे होते उणे सात, आले उणे चौतीस. डोळ्यांसमोर ते तेल घातलेलं मशीन. मग पुन्हा कंसाकडे पाहिलं. आत नऊ आहेत खरे, पण दारात उणे दोन उभे आहेत. म्हणजे मी नऊ घातलेच नाहीत, अठरा काढले आहेत. बाहेरचे उणे नऊ खोडले, अठरा परत दिले. −2(x − 3)² + 11. शून्य ठेवलं. उणे सात! बाई, त्या हॉलमध्ये मी एकटीच हसत होते. पर्यवेक्षक दोनदा येऊन माझ्या बाकाखाली बघून गेले.

गणितात चौऱ्याऐंशी. अप्पा दुकान उघडं टाकून, मला सायकलवर मागे बसवून तुमच्याकडे आले. दारातच म्हणाले, "आता त्या मशीनवर कोण बसणार?"

"तुम्हाला दोन पाय आहेत ना? दोन्ही चालवा," तुम्ही म्हणालात आणि माझ्याकडे वळलात. "पुढे काय घेणार?"

पुढे गणितच घेतलं. मग कडकोळच्या कारखान्यात नोकरी, निवृत्त होईपर्यंत. अप्पांनी ते मशीन विकलं आणि त्या जागी गिऱ्हाइकांना बसायला बाक टाकला.

तुम्ही जाऊन वर्षं झाली, हे पत्र टाकायला आता पत्ता नाही, हे मला कळतं. तुम्हाला सगळं ठाऊकच होतं. नवीन काहीच लिहिलेलं नाही. पण माझे चौऱ्याऐंशी मार्क ऐकून ऐकून घरातले आता उठून जातात, आणि मला ते आज पुन्हा एकदा सांगायचे होते.