तबक धरायची जागा

परभणी, २० ऑगस्ट १९५६

ती. दादास विमलचा शि. सा. नमस्कार.

काल नरहरमामा हैदराबादहून आले. तू वाळून काडी झालास म्हणाले, आणि पोट दुखलं की नुसता सोडा पितोस. भगवंतराव डॉक्टर काही परके नाहीत, बाबांचे मित्र. त्यांच्याकडे का जात नाहीस? हैदराबाद राज्याची वाटणी होणार म्हणून इथल्या कचेऱ्यांत धांदल आहे. मराठी कारकुनांना मुंबई राज्यात येता येईल म्हणतात. तसं लिहून दे आणि इकडे ये. मुलगी पाहून ठेवली आहे. अक्षर तुझ्याहून बरं आहे तिचं. माझ्यावरची माया आहे तशी राहू दे.

तुझी विमल

काचीगुडा, २ सप्टेंबर

चि. सौ. विमल हिस अनेक आशीर्वाद.

मी हैदराबादच लिहून दिलं. भगवंतरावांकडे दोनदा गेलो होतो. पोट न तपासताच म्हणाले, लग्न कर, आपोआप बरं होईल. दुसऱ्या खेपेला भरल्या दवाखान्यात विचारलं की हा दत्तोबा नऊ वर्षं तुझ्याच खोलीत कसा. कंपाउंडर हसला. तेव्हापासून कुठल्याही दवाखान्याची पाटी दिसली की मी रस्ता बदलतो. परवा उलटीतून रक्त पडलं. दत्तोबा हात जोडून चल म्हणत होता, तरी गेलो नाही. पुन्हा तेच विचारलं तर काय सांगू, ही भीती.

तुला खरं सांगतो. घरी भाडेकरू म्हणून सांगत आलो, पण दत्तोबा भाडेकरू नाही. तुझा यजमानांबरोबर जसा संसार, तसा आमचा. मी सुखात आहे. पत्र फाडलंस तरी रागावणार नाही. आशीर्वाद मात्र परत घेत नाही.

तुझा दादा, प्रभाकर

परभणी, ८ सप्टेंबर

ती. दादास शि. सा. नमस्कार.

पत्र फाडलं नाही. भगवंतरावांना मीच लिहिलं होतं: दादा तुमचं ऐकतो, औषधाबरोबर लग्नाचंही त्याच्या गळी उतरवा. तुझं दुखणं मी वाढवलं. मला फार लाज वाटते.

माझी शाळेतली मैत्रीण इंदुमती नामपल्लीला डॉक्टर आहे. पोटाखेरीज काही विचारू नकोस, असं तिला कळवलं आहे. पत्र मिळेल त्याच दिवशी जा. दत्तोबांना बाहेर बाकावर बसवू नकोस, आत ने. मुलीकडे नकार कळवला. हवं तर रागाव, पण जा.

तुझी विमल

काचीगुडा, १८ ऑक्टोबर

चि. सौ. विमल हिस अनेक आशीर्वाद.

गेलो. पोटात व्रण आहे. इंदुमतीबाईंनी एवढंच विचारलं की घरी स्वयंपाक कोण करतं. दत्तोबा म्हणाला, मी. त्यांनी पथ्याचा कागद त्याच्या हातात दिला. एवढ्यानेच मला रडू आलं. आता रोज दूध-भात. शेजारच्या बेगमसाहेबा दत्तोबाला छेडतात की हैदराबादेत राहून बगैर मिर्चीचं सालन कोण खातं. दुखणं निम्म्यावर आलं, झोप लागते. भाऊबीजेला येऊ का, आणि एकटाच येऊ का, ते तू लिही.

तुझा दादा, प्रभाकर

परभणी, २४ ऑक्टोबर

ती. दादास शि. सा. नमस्कार.

दोघे या. यजमानांना सगळं सांगितलं. ते पेपरची घडी घालत म्हणाले, बिनमिरचीची भाजी वेगळी काढ.

आधी मनात दोन पाट मांडले, मग एक उचलला. दत्तोबांना ओवाळलं तर ते माझे भाऊ होतील, मग तुझे कोण? आई मामांना ओवाळायची तेव्हा मामी शेजारी तबक धरून उभी असायची, आठवतं? आपल्याकडे ती जागा कधीची रिकामी आहे. दत्तोबांना सांग, तबक जड आहे, दोन्ही हातांनी धरावं लागेल.

तुम्हा दोघांची,
विमल