डब्यातली आई

उचगाव, रविवार

प्रिय क्रांती,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. रुसणं आपल्या घराण्यातच आहे, त्याबद्दल काही म्हणत नाही. पण एवढं वाच आणि मग खुशाल रुस.

तुझी तेजू मजेत आहे. म्हैस व्याली, रेडी झाली, आणि तिचं नाव ठेवायचा मान पोरीनं आजीलाही दिला नाही. दिवाळीत तू तो बोलणारा डबा बसवून गेलीस, तेव्हा मी हसलो होतो. पुण्यात तुझी रात्रपाळी, तर लेकीला झोपवायला निदान आवाज तरी आईचा असावा, हे तुझं गणित. ते चुकलं नाही. जेवणं झाली की तू भरून ठेवलेला आवाज येतो, 'तेजू, दात घासलेस?' मग पाय धुणं, मग गोष्ट, मग दिवा आपोआप मंद. पोरगी कुरकुर न करता झोपते. तुझ्या आईला मात्र ते अजून पचलेलं नाही. ती रोज डब्याला उत्तर देते, 'व्हय गं, घासलेत. तू जेवलीस का?' डबा पुढं पाय धुवायला सांगतो आणि ही बापडी माझ्याकडं बघत बसते.

'बंद' म्हटलं की डबा गप्प होतो, हे तेजूनं लवकर ओळखलं. खेळ रंगात असला की पाठमोरी राहूनच म्हणते. गेल्या रविवारी तुला सुट्टी मिळाली. एरवी रोज दुपारी फोन करतेस, त्या दिवशी हौसेनं नेमका डब्याच्याच वेळेला केलास, मी तो स्पीकरवर टाकला आणि तूही पहिलं दातांचंच विचारलंस. ती चित्र रंगवत होती. मान वर न करता 'बंद' म्हणाली. तू फोन ठेवलास. तुझी आई ओरडून सांगत होती, "पोरगी डब्याला म्हणाली की गं, तुला न्हाय." तोवर तू गेली होतीस.

तुला लागलं असणार. मलाही लागलं. पण पत्र त्यासाठी नाही. काल जेवणानंतर तेजू डब्यासमोर उभी राहून 'चालू, चालू' म्हणत होती. डबा दातांचं बोलला, पायांचं बोलला. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "अण्णा, मी बंद म्हटल्यापास्नं आईचा फोनच येत न्हाय. खरी आई परत चालू कशी करायची?" तूच सांग तिला, पोरी.

तुझाच,
अण्णा