दुपारची मशीन

दादा, दारू सोडली की माणसाची झोपही जाते, हे आपल्याला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. आपल्याला वाटलं, बाटली गेली की सुटलो. तुकोगंजचे डॉक्टर म्हणाले, "नींद टाइम लेगी, भाईसाब. गोली की आदत मत डालना." बाहेर येऊन तुम्ही आईला म्हणालात, "लो, एक सुटली तर दुसरीची मनाई!" आई हसली नाही. तुमची लेक मी हसले, म्हणून मलाच बोलणी बसली.

कापड मिल चालू होती तेव्हा तुमची कायमची रातपाळी. सकाळी केसांत कापूस घेऊन यायचात, पोहे खाऊन आडवे व्हायचात, आणि घरात सगळे चोरपावलांनी फिरायचे. आई कुकर लावायची नाही, डाळ पातेल्यात शिजवायची. गल्लीत कोणी ओरडलं की मी दारातून दटावायची, "ए भिया, धीरे! दादा सोये हैं." आता आठवलं की हसू येतं. भिंतीपलीकडे दिवसपाळीचे माग धडधडतायत, अख्खी चाळ हलतेय, आणि आम्ही येडे घरात कुजबुजतोय!

मग मिलच्या फाटकाला कुलूप लागलं. बाजारात रंगीत टीव्ही आले, नवनव्या बाटल्यांतली सरबतं आली, तुमच्यासाठी दारूची कलाली होतीच. "घेतल्याशिवाय डोळा लागत नाही," म्हणायचात. दवाखान्यातून दारू सोडून आलात, तर खरंच डोळा लागेना. डोळे लाल, चेहरा ओढलेला. पडून कंटाळलात की कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत, त्या राजघराण्याच्या जुन्या समाध्यांपर्यंत, चालत जायचात. कलाली त्याच रस्त्यावर. तुम्ही परत येईपर्यंत आईचं कशात लक्ष नसायचं. "झोप नाही आली तर हे पुन्हा घेतील गं," ती म्हणायची.

आम्हाला एकच उपाय ठाऊक होता, घर गप्प ठेवायचं. आई मल्हारगंजच्या एका व्यापाऱ्याचे परकर शिवायची. तुम्ही आडवे झालात की मशीनवर चादर टाकायची. एकदा मात्र व्यापाऱ्याची घाई होती. आई म्हणाली, "काय करू, आज शिवायलाच हवं," आणि भर दुपारी मशीनचा पायटा मारायला बसली. थोड्या वेळाने मी बघते तर काय, तुम्ही तोंड उघडं टाकून घोरताय! आईने घाबरून मशीन थांबवली आणि तुम्ही टक्क जागे. "बंद काहून केली? चलने दे ना."

आई माझ्याकडे बघतच राहिली. भिंतीपलीकडचे माग बंद पडले होते, आणि आम्ही तुम्हाला आणखी शांतता देत होतो. कर्म आमचं!

मग आई थकली की शाळेतून येऊन मी बसायची. शिवायला कापड नसलं तर सुईतला धागा काढून नुसतीच चालवायची. तुम्हाला ते पहिल्या दिवशीच कळलं. दुसऱ्या दिवशी डोळे मिटूनच म्हणालात, "जरा तेज चला बेटा, इतक्या हळू तर मुकादम मला कामावरून काढेल." केवढा राग आला होता मला! पिंडऱ्या दुखत होत्या, बाहेर मैत्रिणी हाका मारत होत्या. पण तुम्ही झोपत होतात, आणि झोपलेला माणूस कलालीवर जात नाही. हळूहळू छत्र्यांचं फिरणं कमी झालं. शेवटपर्यंत तुम्ही पुन्हा घेतली नाहीत, दादा. आई हे लोकांना अभिमानाने सांगायची. मीही सांगते.

हे पत्र काही कुठे धाडायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. तुमची झोप परत आली होती. रात्रीही तुम्ही शांत निजायला लागला होतात, मशीनची गरज संपली होती, आणि हे मला आईच्याही आधी कळलं होतं. तरी मी कितीतरी दुपारी चालवत राहिले. दारूचा वास नसलेले दादा मला नवीनच होते, आणि त्यांच्याजवळ बसायला माझ्याकडे दुसरं निमित्त नव्हतं.