काकांवरची तटस्थ नोंद

तीर्थरूप काकूस,

धाकट्या पुतण्याचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेला पट्टा लावतेस, की तो अजून दाराच्या कडीलाच लटकलाय? (उत्तर मला माहीत आहे. विचारायची रीत आहे म्हणून विचारलं.) इकडे मी सोडून सगळे मजेत. माझं काय झालं ते सांगायलाच हे पत्र. बसून वाच, आणि आत्या आलेली असेल तर ती गेल्यावर वाच.

तुला ठाऊकच आहे, मी ज्ञानकोशाच्या कचेरीत नोंदी लिहितो. आमच्याकडे एकच धर्म, तटस्थपणा. कौतुक नको, निंदा नको; विशेषण दिसलं की मुख्य संपादक त्यावर लाल पेन्सिल अशी फिरवतात की कागद फाटतो. आजवर 'चिकणमाती' आणि 'चिमटा' या दोन नोंदींवर मी नाव कमावलं. (चिमट्यावरून माझ्याशी कोणी भांडायला आलेलं नाही.) या दोन्हींच्या मध्ये वर्णानुक्रमाने कोण यावं? आपले काका! म्हणजे, चित्रांखाली ते जे टोपणनाव टाकत, ते. घराण्याची अब्रू राहावी म्हणून आजोबांनीच ते घ्यायला लावलं होतं, त्यामुळे कचेरीत नातं कुणालाच ठाऊक नाही. नातेवाइकाने नोंद लिहू नये असा आमचा नियम आहे. तरी मी मिठाची गुळणी धरून बसलो, कारण मी नाही लिहिली तर लिहिणार शेजारच्या टेबलावरचा सहकारी, ज्याने 'चुंबन' ही नोंद संसर्गजन्य रोगांवर आटोपली.

पहिल्या मसुद्यात मी 'थोर' आणि 'अजोड' लिहिलं. कागद फाटला. दुसऱ्यात इतका तटस्थ झालो की 'शाईने माणसांची शरीरे काढणारी व्यक्ती' एवढंच शिल्लक राहिलं. संपादक म्हणाले, हे शाळेतल्या हाडांच्या तक्त्यालाही लागू पडेल. शेवटी 'शृंगारिक विषयांवरील वास्तवदर्शी रेखाटनांसाठी ओळखले जाणारे चित्रकार' यावर तह झाला. मग हुकूम सुटला की चित्रं प्रत्यक्ष बघून चार ओळी वर्णन करा. काकू, आपल्या घरात काकांच्या चित्रांची पुस्तकं कोणी उघडली नाहीत. मी बापडा ती पहिल्यांदा बघितली ती कचेरीत, भर दुपारी, हातात भिंग घेऊन आणि चेहऱ्यावर पगाराच्या दिवशीसुद्धा नसतं एवढं गांभीर्य आणून.

आणि एका चित्रात मला स्टूल दिसलं. तुझ्याकडचं तेच, एक पाय आखूड असलेलं, खाली पुठ्ठ्याची घडी सारलेलं. मागे तीच खिडकी, कडी मोडली म्हणून सुतळीने बांधलेली. चेहरा कुठेच नाही, सगळीकडे पाठमोरी किंवा केसांआड. पण मनगटावर तोच इस्त्रीचा चंद्रकोरीसारखा डाग. पान उलटलं, पुन्हा डाग. दुसरं पुस्तक काढलं, तिथेही डाग. (वास्तवदर्शी म्हणजे किती, याला काही सुमार?) मी भिंग खाली ठेवलं आणि घटाघटा पाणी प्यायलो. ते शेजाऱ्याच्या पेल्यातलं होतं.

आता आमची एक पद्धत ऐक. छपाईआधी एकाने नोंद मोठ्याने वाचायची आणि मुद्रितशोधकाने समोर प्रत धरून ती ताडून बघायची. आमचे मुद्रितशोधक विद्वान आहेत, पण कानाने अधू. त्यामुळे सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात मी 'अर्धवस्त्र', 'पाठमोरी', 'पहुडलेली' असं बोंबलत होतो. टंकलेखिकेचं यंत्र थांबलं. चहावाला किटली घेऊन उभाच राहिला. मुद्रितशोधक मात्र बाजारभाव ऐकावेत तसे मान हलवत होते. तेवढ्यात मी न लिहिलेलं एक वाक्य आलं. सहकाऱ्याने कुठल्याशा जुन्या मासिकातून उचलून घुसडलं होतं : 'चित्रांतील स्त्रिया अज्ञात, चित्रकाराचे अनेकींशी संबंध असल्याचे बोलले जाई.' माझा आवाज बसला. मुद्रितशोधक म्हणाले, ऐकू येत नाही, मोठ्याने वाचा. मग मी मोठ्याने जे म्हणालो ते कागदावर नव्हतं. "अज्ञात कसल्या? अनेक कसल्या? एकच आहे ती, आणि ती माझी काकू आहे!"

हे मात्र त्यांना पहिल्या फटक्यात ऐकू गेलं.

नोंद माझ्याकडून काढून घेतली. संपादक माणूस वाईट नाही. बाजूला नेऊन म्हणाले, ते वाक्य खोटं असेल तर मी स्वतः काढीन, पण आधार हवा. पुतण्याचा संताप हा आधार होत नाही. स्टूलही होत नाही.

काकू, मला राग आलाय तो वेगळाच. घरात चार माणसं जमली की आत्या तुझ्या पाठीवरून हात फिरवते, बिचारी म्हणते, नवऱ्याने बाहेर काय काय थेरं केली ते आम्हांला माहीत आहे म्हणते. आणि तू मान खाली घालून चहा गाळत असतेस. मी लहानपणापासून बघतोय. मला वाटायचं, सोसतेय. आता वाटतं, हसू दाबत असायचीस. खरं काय ते तुझं तुला ठाऊक, पण काकांवर हा डाग छापला जावा हे मला सहन होत नाही.

बाकी क्षेम. पट्टा लाव. पत्र फार मनावर घेऊ नकोस, सहज लिहिलं.

तुझा,
ठोंब्या

ता. क. : सहज लिहिलेलं नाही. खंड येत्या शुक्रवारी छापायला जातो. त्याआधी, ती स्त्री कोण, हे दोन ओळींत लिहून खाली सही करून पाठव. पाठवलंस तर ते जन्मभर छापलेलं राहील आणि आत्याही वाचेल, हे धरून चाल. नाही पाठवलंस तर मी यापुढे चकार शब्द काढणार नाही. (काढायचा राहिलाय कुठला म्हणा.)

आणखी एक : मी आलो की मला त्या स्टुलावर बसवू नकोस. मी आपला खाली बसेन.

शेवटचं : बाबांना कळलं. टंकलेखिका आमच्या खालच्याच मजल्यावर राहते, बातमी माझ्याआधी घरी पोचली. काकांचं नाव काढलं तरी उठून जाणारा माणूस. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतात. पण त्यांनी पुस्तक मागितलं. भावजयीची अदब म्हणून सगळं पान वर्तमानपत्राने झाकलं आणि कोपरा तेवढा उघडा ठेवला. त्या कोपऱ्यात भिंतीवरचा आरसा आहे, आणि आरशात नखाएवढा चेहरा. माझ्या भिंगातून तो सुटला होता. (मी दुसरीकडे बघत होतो, काय करणार.) बाबा बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "दादा गेल्यापासून वहिनीला असं हसताना बघितलंच नाही रे." मला म्हणाले, हे नोंदीत घाल. मी म्हटलं, बाबा, आधार लागतो. त्यावर त्यांनी खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, वहिनीला आधी सही करू दे, मग मी करतो.

तेव्हा तुझ्या सहीखाली थोडी जागा सोड.